डावीकडची गादी

१

सोलापुरात एखादं काम रखडलं, मग ते उड्डाणपुलाचं असो नाहीतर सोयरिकीचं, की जुन्या बाजारातली माणसं अजून म्हणतात, "झाली बघा चनबसप्पाची गादी." म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांना हा चनबसप्पा कोण ते माहीतही नाही. दाक्षायणीला माहीत होतं, कारण तो तिचा बाप. शाळेत कुणाचा गृहपाठ अपुरा राहिला की मास्तर हेच ऐकवायचे आणि अख्खा वर्ग मागं वळून तिच्याकडं बघून हसायचा. आता ती एकोणपन्नास वर्षांची होती, केस पांढरे व्हायला लागले होते, पण ते हसू काही तिच्या कानांतून गेलं नव्हतं.

मार्केट यार्डाच्या अलीकडं त्यांचं दुकान. गाड्यांच्या सीटा, टप, ताडपत्र्या. डोळे अधू झाल्यावर चनबसप्पानं ते लेकीच्या हाती दिलं. त्याच्या हातची गादी वीस-वीस वर्षं खचायची नाही. आणि जुन्या गादीवर नुसता तळहात फिरवून तो सांगायचा, "ह्यो माणूस डाव्या अंगावर बसतो, मागच्या खिशात जाड पाकीट ठेवतो, आन बायकोशी भांडला की गाडीतच झोपतो." गिऱ्हाईक लाजून हसायचं. याला तो बैठक वाचणं म्हणायचा आणि ही विद्या त्यानं दाक्षायणीला शिकवली होती.

असल्या माणसानं उभ्या जन्मात एकच काम अर्धवट ठेवलं. सूतगिरणीवाल्या सोमलिंगअण्णांच्या अमेरिकन गाडीची पुढची, चालवणाऱ्याची गादी. विचारायला कुणी आलं की म्हणायचा, "सोमवारी या." आणि सोमवारी दुकान बंद. सिद्धेश्वराचा वार, घरात उपास आणि दुकानाला कुलूप, हे सगळ्या गावाला ठाऊक. चाळीस वर्षं तो हेच सांगत आला.

यंदा होळी झाल्यावर सोमलिंगअण्णांचा नातू अमरेश दुकानात आला.

"दाक्षाक्का, तीन ठिकाणी फिरून आलो. गाडी बघायलासुद्धा कोणी तयार नाही. चनबसप्पांची कात्री लागलीय म्हणतात."

ही या धंद्यातली रीत. एकानं कात्री लावलेल्या कामाला दुसरा हात लावत नाही, जोवर पहिला आपल्या तोंडानं 'सोडलं' म्हणत नाही. चनबसप्पानं ते कधीच म्हटलं नव्हतं.

"मी करते," दाक्षायणी म्हणाली. "कात्री आमच्याच घरची हाय की."

संध्याकाळी जुळे सोलापूर भागातल्या आपल्या फ्लॅटवर तिनं बापाला सांगितलं. ब्याऐंशी वर्षांचा चनबसप्पा खिडकीशी बसून शेंगा सोलत होता. त्याचा हात थांबला.

"ब्याड," तो म्हणाला. कानडीत नको म्हटलं की त्याचं बोलणं तिथंच संपायचं.

"का पण, अप्पा?"

"ब्याड म्हणलं की ब्याड."

दाक्षायणीला मनस्वी राग आला. बाजारानं चाळीस वर्षं आपल्याला हसायचं आणि ह्यांनी शेंगा सोलायच्या. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण तो पीळ लेकीतही उतरतो, हे म्हातारा विसरला होता. काम पुरं करायचं, असं तिनं त्याच क्षणी ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या माळ्यावरून तिनं गोणपाटात गुंडाळलेला त्या सीटचा सांगाडा त्याला न सांगता खाली काढला.

२

गाडी होती अक्कलकोट रोडवरच्या सुताच्या जुन्या गोडाऊनमध्ये. पुण्याच्या मेकॅनिकनं इंजिन दुरुस्त करून ती ट्रकवर घालून पाठवली होती. तिकडं तो लाकडी खोक्यावर बसून ती फिरवून बघत होता म्हणे, कसली तक्रार नाही.

दाक्षायणीनं दार सरकवलं आणि उभीच राहिली. पाँटिअ‍ॅक, सदुसष्टची. मोरपंखी रंग, लांबलचक नाक, कापडी टप मागं दुमडून ठेवलेला. कौतुकानं ती उजव्या दाराशी गेली, आत वाकली आणि तिचा हात हवेतच राहिला. तिथं स्टिअरिंगच नव्हतं.

अमरेश हसला. "अमेरिकेची ना अक्का, तिकडं सगळं उलटं. चालवणारा डावीकडं बसतो. सगळे हीच चूक करतात. मी पण अजून उजवीकडंच जातो."

गाडीचा इतिहास त्यानं घडाघडा सांगितला, कारण तो त्याच्या अभिमानाचा विषय होता. मुंबईच्या एका वकिलातीतल्या साहेबानं ती बोटीतून आणली. तो साहेब परत मायदेशी गेलाच नाही. मग बार्शीच्या एका तंबू-टॉकीजवाल्यानं घेतली. यात्रेत पडदा लावायच्या आधी तो तिच्यातून गावाला चक्कर मारायचा, लोक सिनेमापेक्षा गाडी बघायला यायचे. "शौकीन माणूस. गाडीतच गेला, हार्ट अटॅकनं. मग आजोबांनी घेतली. ते पण गाडीतच गेले." अमरेशनं बॉनेटवर हात फिरवला. "राजेशाही मरण म्हणायचं."

रविवारी पुण्यात जुन्या गाड्यांची फेरी होती. गाडी चालवायला पुण्याचा ड्रायव्हर येणार होता आणि त्याच्या शेजारी बसणार होत्या अमरेशच्या आई, भुवनेश्वरीकाकू. त्या रोज दुपारी ताक आणि कडक भाकरी, शेंगाची चटणी घेऊन यायच्या आणि दाक्षायणी जेवेपर्यंत समोर बसायच्या.

"लग्न होऊन आले तेव्हा एकदाच बसले गं हिच्यात, ते पण मागं, डोक्यावरून पदर घेऊन," त्या म्हणाल्या. "आता सत्तरी उलटली. एकदा पुढं बसून, केस उडवत जायचंय मला."

मागचं बाकडं आणि पुढची उजवी गादी चनबसप्पानंच केलेली. चाळीस वर्षांनीही एक टाका हलला नव्हता. डावीकडं मात्र नुसते चार बोल्ट. दाक्षायणीनं त्या मोकळ्या जागेकडं बघितलं आणि बाह्या सरसावल्या.

३

आठ दिवस ती मान खाली घालून राबली. सांगाड्याचा गंज काढला, स्प्रिंगा नव्या सुतळीनं आठी बाजूंनी बांधल्या, वर गोणपाट, काथ्या, फोम आणि काळं मऊ कातडं. कातड्याला उभ्या पट्ट्या घातल्या, जुन्या गादीला होत्या तशाच. मंगळवारी संध्याकाळी तिनं चारही बोल्ट आवळले. गादी टणटणीत दिसत होती. तिला वाटलं, अप्पानं येऊन हात फिरवावा आणि शाब्बास म्हणावं. एवढंच हवं होतं तिला, आणि बाजारानं तोंड मिटावं.

बुधवारी जेवण झाल्यावर ती गाडीशी आली तर गादी खचलेली होती.

खचलेली म्हणजे फाटलेली, सुटलेली नव्हे. कुणीतरी बराच वेळ बसून उठावं, तशी तिच्यावर बैठक उमटली होती. दाक्षायणीनं सवयीनं तळहात ठेवला. नवा फोम उन्हानं बसतो, हे खरं. पत्र्याखाली मार्चमध्येच भट्टी पेटते, हेही खरं. पण फोम बसतो तो सगळीकडून सारखा. ही बैठक अरुंद होती. माणूस सडपातळ, पाठ ताठ, खिशात काही नाही. आणि सगळा भार उजवीकडं. गाडी चालवणाऱ्याचा भार असा नसतो. हा शेजारी बसलेल्याकडं कलून बसणारा होता.

तिनं बाहेर जाऊन रखवालदाराला हटकलं. "दादा, गाडीत बसू नका हो, नवं काम हाय."

"मी कशाला बसू ओ?" तो दुखावून म्हणाला. "आन चावी तुमच्याकडंच की कुलपाची."

ते खरंच होतं. जेवायला ती बाहेरच्या निंबाखाली बसली होती आणि दाराला कुलूप होतं. मांजर असेल, तिनं स्वतःला सांगितलं. मांजर केवढं असतं ते तिला माहीत होतं, तरी सांगितलं. मग गादी उघडून आत आणखी काथ्या भरला आणि पुन्हा शिवली.

४

गुरुवारी तिनं शिंप्याच्या खडूनं गादीवर आडव्या रेघा मारल्या. कुणी बसलं की पुसल्या जाणार, चोर सापडणार. खुळचटपणा वाटला, पण तिचा स्वभाव असाच, शंका मिटेपर्यंत हातचं सोडायची नाही. कुलूप लावून जेवायला गेली. भुवनेश्वरीकाकू काहीतरी सुनेबद्दल सांगत होत्या, तिनं हूं हूं केलं आणि भाकरी कधी संपली ते कळलं नाही.

आत आली तेव्हा दोनचा सुमार. पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या आणि हवेत सुताची जुनी धूळ तरंगत होती. गाडीजवळ गेली.

एकही रेघ पुसली नव्हती. रेघा नुसत्या खाली गेल्या होत्या. बैठक होती, कालच्याच मापाची, आणि तिच्यात पांढऱ्या रेघा अखंड, ओढ्यात पाणी उतरावं तशा उतरल्या होत्या. कातड्याला काही लागलंच नव्हतं आणि तरी ते दबलं होतं.

ती वाकून बघत असतानाच आतली स्प्रिंग बोलली. बारीक, टण्. मग दुसरी. रेघा हळूहळू वर यायला लागल्या. आधी डावी बाजू, मग उजवी. म्हातारं माणूस उठतं तसं नव्हे, घाई नसलेलं माणूस उठतं तसं. शेवटी गादी सपाट झाली आणि रेघा पुन्हा सरळ.

दाक्षायणी चार पावलं मागं आली. पण पळाली नाही. स्प्रिंगेला ताण कमी-जास्त झाला असेल, ती मोठ्यानं म्हणाली. गोडाऊनमध्ये कुणी नव्हतं, तरी आपण हे कुणाला ऐकवतोय असा विचार मनात आला, आणि तिनं तोंड मिटलं.

५

शुक्रवारी सकाळी अमरेश फाईल घेऊन आला. फेरीतल्या परीक्षकांसाठी त्यानं सगळ्या मालकांचे फोटो मोठे करून प्लास्टिकमध्ये घातले होते. "बघा अक्का, आता तुमचा पण लावू शेवटी, कारागीर म्हणून."

दाक्षायणीनं आपल्या पट्ट्या मूळच्या पट्ट्यांशी जुळतात का, हे बघायला भिंग काढलं. पहिला फोटो साहेबाचा, समुद्राकाठच्या रस्त्यावर. दुसरा टॉकीजवाल्याचा, मागं बैलगाड्या. तिसरा सोमलिंगअण्णांचा. तिन्ही समोरून, जरा उंचावरून काढलेले, टप उघडा, मालक ऐटीत बसलेला. तिनं डावीकडच्या पाठीच्या पट्ट्या मोजल्या. नऊ. तिच्याही नऊच होत्या. समाधानानं ती दुसऱ्या फोटोकडं वळली, तिथंही नऊ मोजल्या आणि मग तिचं बोट थांबलं.

पट्ट्या मोजता कशा आल्या? चालवणाऱ्याच्या पाठीमागं त्या झाकलेल्या असायला हव्यात.

तिनं भिंग मागंपुढं केलं. मालक बसला होता तो उजवीकडं. त्याचे दोन्ही हात मांडीवर. समोर स्टिअरिंग नव्हतं. स्टिअरिंग होतं ते शेजारी, रिकाम्या गादीपुढं. आणि गाडी उभी नव्हती. चाकांमागं धुळीचा लोट उठला होता, साहेबाची टाय खांद्यावरून मागं उडाली होती, टॉकीजवाला एका हातानं टोपी धरत होता.

"फोटो उलटा छापलाय काय रे?" तिनं विचारलं.

"हां? नाही हो. नंबरप्लेट बघा की, सुलटी आहे." अमरेश तिच्या खांद्यावरून वाकला. "मस्त पळवतायत ना आजोबा?"

त्याला दिसत नव्हतं. कुणालाच कधी दिसलं नसणार. उजवीकडं बसलेला माणूस गाडी चालवतोय, हे डोळ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं. दाक्षायणीनं तिन्ही फोटोंवरून पुन्हा भिंग फिरवलं. रिकाम्या गादीच्या बैठकीवर सावली पडली होती. अरुंद, उजवीकडं कललेली.

फाईल मिटून तिनं स्कूटी काढली आणि घर गाठलं.

६

"अप्पा, मी गादी केली," ती दारातूनच म्हणाली. "पुरी केली. आता सांगा."

चनबसप्पानं तिच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मग त्यानं हातातली शेंग ताटात ठेवली.

"मीबी पुरी केली हुती," तो म्हणाला. "ऐंशी सालानंतरची गोष्ट. सकाळी बसवली. अण्णा खूश झाले. दुपारी म्हणाले, वळसंग गावापतुर जाऊन येतो. जाताना डावीकडं बसून गेले. मी बघितलं की, मीच दार लावलं."

"मग?"

"तासाभरानं आले. गाडी नीट आत आली. नीट लागली. ब्रेक वडला. अण्णा उजवीकडं बसले हुते. हात मांडीवर. डोळे उघडे. पर जीव नव्हता." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "लोक म्हणाले, केवढा माणूस, मरता मरता गाडी दारात आणून लावली. हवालदार आला. मी म्हणलं, साहेब, स्टेरिंगचं चाक तिकडं हाय. त्यो म्हणाला, उजवीकडं बसला म्हंजे चालवणाराच की. पंचनाम्यात तसंच लिवलं. पंच म्हणून सही माजी हाय, दाक्षा."

बाहेर भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली.

"त्याच दिवशी मी गादी काढली. शिवण चुकली म्हणलं, सोमवारी आणतो म्हणलं. सोडलं म्हणलं असतं तर दुसऱ्यानं केली असती. बसायला जागा न्हाई तर बसतोय कशाला त्यो?"

"आन मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू बघायला गेली असतीस."

हे मात्र खरं होतं. दाक्षायणी खाली बसली आणि तिला रडू आलं. चाळीस वर्षं या माणसानं गावाचं हसू अंगावर घेतलं होतं, आणि तिनं आठ दिवसांत त्याच्या सगळ्या कष्टावर पाणी फिरवलं होतं. परवा त्या उजव्या गादीवर भुवनेश्वरीकाकू बसणार होत्या.

तिनं डोळे पुसले. "कात्री कुटं हाय तुमची?"

७

शनिवारी दुपारी अमरेश पुण्याच्या ड्रायव्हरला आणायला स्टेशनवर गेला. रखवालदार जेवायला. गोडाऊनचं मोठं दार हवेसाठी उघडंच होतं आणि गाडी बाहेरच्या बाजूला तोंड करून उभी होती, टप उघडा, चावी लावलेली.

बोल्ट काढायला डावीकडून वाकावं लागणार होतं. दाक्षायणी डाव्या दारापर्यंत गेली. गादी दबलेली होती. त्यावरून हात घालायचा, म्हणजे कुणाच्या तरी मांडीवरून घालायचा. तिच्यानं ते होईना. ती वळसा घालून उजवीकडं गेली, दार उघडलं आणि बापाच्या गादीवर बसून बापाची कात्री तिनं डावीकडच्या शिवणीला लावली.

इंजिन सुरू झालं.

धडधड नाही, धक्का नाही. घरचं काम करणाऱ्या माणसाच्या सफाईनं गाडी पुढं सरकली, उंबऱ्यावर हलकेच उचलली आणि आवार ओलांडून रस्त्याशी येऊन थांबली. टिक टिक टिक, वळायचा दिवा लागला. सोलापुरात वळताना दिवा दाखवणारा माणूस सापडणं कठीण. एक ट्रक गेला, मग गाडी वळली आणि वळसंगच्या दिशेला लागली.

उडी मारावी, असं तिला वाटलं. अजून वेग नव्हता, फार तर गुडघे फुटले असते. पण गाडी नीट परत येणार, आपल्या जागेवर लागणार आणि गादी जशीच्या तशी राहणार. उद्या काकू केस मोकळे सोडून येणार. दाक्षायणीनं पाय फळीला रोवले आणि कात्री चालवली.

आपणच घातलेले टाके, एकेक दोन वेळा ओढून आवळलेले. कात्री कुरकुरत होती. वारा वाढला, पदर उडून तोंडावर आला, तो तिनं दातांत धरला. वर बघायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. कातडं सुटलं, ते तिनं ओढून मागं फेकलं. फोम सुटला. काथ्याचे पुंजके रस्त्यावर उडाले. कडेनं कुठं शेळ्या ओरडल्या, कुठं हॉर्न वाजला, आणि त्या सगळ्यात तिला एक बारीक आवाज ऐकू आला. वरचा आरसा फिरल्याचा. कुणीतरी तो तिच्याकडं वळवला होता.

डोळ्यांच्या कडेला आरशाचा तुकडा आला, तो तिला चुकवता आला नाही. त्यात कपाळ होतं. नुसतं कपाळ, आणि एवढ्या उन्हात त्यावर घामाचा थेंब नव्हता.

तिनं मान आणखी खाली घातली. आता उघड्या स्प्रिंगा दिसत होत्या, सगळ्या दबलेल्या. तिनं सुतळी कापली. टण्, एक वर आली. दुसरी, तिसरी. गाडी जरा मंदावली. ती कापत गेली, बोटं रक्तानं बुळबुळीत झाली होती. एक राहिली. तिच्या बाजूची, सगळ्यात जास्त दबलेली. तिची सुतळी तुटेना. कात्रीची पाती मिटेचनात, वर कुणी बसलं असलं की कापड कापलं जात नाही तशी.

आणि अठरा वर्षं दुकानात गिऱ्हाइकाला म्हणत आली तसंच तिच्या तोंडून गेलं.

"जरा उठा. काम करायचंय."

क्षणभर काहीच झालं नाही. मग स्प्रिंगेवरचा भार सावकाश गेला. कात्री मिटली, सुतळी तुटली, स्प्रिंग वर आली. गाडी रस्त्याच्या कडेला गेली, थांबली आणि इंजिन बंद झालं.

८

समोर मेंढरं होती. त्यांच्यामागं खांद्यावर घोंगडं टाकलेला एक धनगर काठी टेकून उभा होता. बिरदेव त्याचं नाव, ते मागून कळलं. त्यानं आपल्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी तिच्या हातांवर ओतलं.

"लई झ्याक चालवता की अक्का," तो म्हणाला. "पर खाली मुंडी घालून कसं काय दिसतंय तुमाला?"

दाक्षायणीनं हात पदराला पुसले. उजवीकडं बसली म्हणजे चालवणारी तीच, हे त्यानं ठरवलेलंच होतं.

"आन तुमच्या शेजारी बसल्याला पावणा?" बिरदेवनं रस्त्याच्या मागच्या बाजूला बघितलं. "त्यो कुटं उतरला? तुमच्याकडं वाकून बसला हुता, आत्ता तर बघितला."

तो दिसायला कसा होता, हे तिनं विचारलं नाही. तिनं पाना मागितला. येणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्यानं तो दिला. चारही बोल्ट तिनं स्वतः काढले आणि सांगाडा गाडीपासून दूर नेऊन धुळीत उलटा ठेवला.

तासाभरानं शोधत शोधत अमरेश पोचला. उसवलेलं कातडं, रिकामी जागा, तिचे रक्ताळलेले हात, हे सगळं बघून त्यानं डोक्याला हात लावला.

"गाडी चालवता येत नाही तर घेतलीत कशाला? आणि गादी फाडलीत? अहो, उद्या फेरी आहे. आई दोन दिवस झोपली नाही आनंदानं."

"शिवण चुकली हुती," दाक्षायणी म्हणाली.

"बापानं चाळीस वर्षं लटकवलं, आता तुम्ही. लोक म्हणतात ते खोटं नाही."

हे तिला लागलं. पाठीत कळ यावी तसं लागलं. अप्पानंही गादी पुरी केली होती, हे तिच्या जिभेवर होतं, पण बोलून उपयोग नव्हता. पंचनामा चाळीस वर्षांपूर्वीच लिहून झाला होता. तिनं सांगाडा ट्रॅक्टरवर घातला आणि दुकानात नेला.

घरी चनबसप्पा खिडकीशी बसला होता. तिच्या पावलांचा आवाज ऐकून त्यानं मान वर केली.

"झाली पुरी?"

"न्हाई, अप्पा. अर्धवट ठेवली."

म्हाताऱ्यानं तिचे हात हातात घेतले, बोटांवरच्या जखमांवरून अंगठा फिरवला आणि तिच्यासाठी शेंगा सोलायला लागला.

अमरेश नंतर नव्या गादीसाठी पुण्यालाही जाऊन आला. तिथल्यांनी विचारलं, मूळ सांगाडा कुठाय? त्याशिवाय ही गाडी फेरीत धरतच नाहीत. इथल्या बाजारात त्यानं चौघांना विचारलं, चौघांनीही मान हलवली. दाक्षायणीची कात्री लागलीय. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं तर म्हण बदलूनही टाकलीय, तो आता 'चनबसप्पाच्या लेकीची गादी' म्हणतो. ती ऐकते, चहा पिते, पैसे देऊन निघते.

सांगाडा माळ्यावर आहे, भिंतीकडं तोंड करून, उभा, दोरानं करकचून बांधलेला. दुपारी बाजार शांत झाला की कधीकधी वर एखादी स्प्रिंग बोलते. दाक्षायणी शिलाई मशीन जोरात चालवते.

अमरेश आता येत नाही. फोन येतो तो भुवनेश्वरीकाकूंचा, दर पंधरा दिवसांनी, न चुकता. त्या रागावत नाहीत, हेच अवघड आहे.

"दाक्षा, डॉक्टर म्हणतात आता फार उन्हात जाऊ नका," परवा त्या म्हणाल्या. "एकदा तेवढं पुढं बसून जायचं राहिलं गं. कधी देतेस माझी गादी?"

दाक्षायणीनं मशीन थांबवलं. वर माळ्याकडं बघितलं. मग डोळे मिटून, बापाच्याच सुरात ती म्हणाली, "सोमवारी, काकू. सोमवारी या."